खर्र्याची माहिती कोठून मिळते?

कारंजा लाड येथे अकरावीच्या वर्गात मी एकदा विचारले, "खर्र्याविषयी तुम्हांला प्रथम कोणी सांगितले?" उत्तरे आली: मित्राने, चुलतभावाने, पानठेल्यावर. पुस्तकाचे नाव एकानेही घेतले नाही! माहिती मात्र सगळ्यांची एकच: तरतरी येते, आणि होत काही नाही.

यातला पहिला भाग खरा आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटला, की चुन्याच्या अल्कतेमुळे निकोटिनच्या पुष्कळशा रेणूंवरील विद्युतभार नाहीसा होतो. असे भाररहित रेणू तोंडाच्या अस्तरातून चटकन रक्तात शिरतात. म्हणून तरतरी काही मिनिटांतच जाणवते.

दुसऱ्या भागाचे काय? सुपारीमुळे गालाच्या अस्तराखाली तंतू साचू लागतात, अस्तर ताठरते आणि तोंड उघडेनासे होते. याला महिने, वर्षे लागतात. मित्राचे निरीक्षण असते चार आठवड्यांचे. त्यात हे दिसणार कसे? ठेल्यावरही दिसत नाही. ज्याचा जबडा आखडला, तो गिऱ्हाईक सहसा तेथे उभा नसतो. तो दंतवैद्याच्या दारात असतो. मोजमापाची जागाच चुकीची निवडली, तर प्रयोग कितीही वेळा करा, उत्तर चुकीचेच येणार.

"मी तंबाखू टाकत नाही, नुसती सुपारी खातो," असेही काही जण सांगतात. नुसत्या सुपारीनेही माणसाला कर्करोग होतो, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला.

आता आरशापुढे उभे राहा. आपली तीन बोटे एकावर एक ठेवून वरच्या व खालच्या दातांमध्ये धरून पाहा. निरोगी तोंडात ती सहज मावतात. माहिती देणाऱ्या मित्रालाही हे करून पाहायला सांगा.