बारा फुटांची काठी

जपानच्या होन्शू बेटाच्या मध्यभागी डोंगरांची दाटी आहे. तिथले ओढे आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांसारखे दिवाळीनंतर आटत नाहीत. त्या थंड, खळाळत्या पाण्यात इवाना, यामामे आणि आमागो हे मासे राहतात, तिन्ही सामन-ट्राउटच्या कुळातले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या डोंगरांत काही माणसांचं पोट या माशांवर चालायचं. दिवसभर ओढ्यातून वर चढत जायचं आणि मिळालेले मासे गरम पाण्याच्या झऱ्यांजवळच्या खानावळींना विकायचे. जवळ बांबूची लांब काठी, घोड्याच्या शेपटीच्या केसांना पीळ घालून केलेला दोर, आणि गळाला दोरा-पिसं गुंडाळून बनवलेली नकली माशी. चकरी नाही, काठीवर कड्या नाहीत, दोर थेट शेंड्याला बांधलेला. या पद्धतीचं नाव तेनकारा. माशीला तिथे केबारी म्हणतात.

जपानमधल्या ब्रिटिश वकिलातीतले अर्नेस्ट सॅटो १८७८ साली तातेयामा-कुरोबेच्या डोंगरांत फिरत होते. तिथे नकली माशीवर इवाना पकडतात, अशी नोंद त्यांच्या रोजनिशीत आहे. पुढे रस्ते आले, मत्स्यपालनाचे हौद आले, आणि ओढ्यात उतरून पोट भरणारी माणसं संपत गेली. सोसेकी यामामोतो यांच्यासारख्या लेखकांनी ही विद्या हौशी माणसांपर्यंत पोचवली. बांबूची जागा आधी ग्लासफायबरने आणि मग कार्बन फायबरने घेतली. २००९ साली दोन गोष्टी घडल्या. डॅनियल गल्हार्डो यांनी 'तेनकारा यूएसए' ही कंपनी काढली, आणि डॉ. हिसाओ इशिगाकी यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल फ्लाय फिशिंग सेंटरमध्ये या पद्धतीची ओळख करून दिली. त्यानंतर अमेरिका-युरोपात ती झपाट्याने पसरली. आज बाजारात इतक्या काठ्या आहेत की पहिली काठी घेणारा माणूस गोंधळून जातो आणि मग एक तर सगळ्यात महाग घेतो, नाही तर सगळ्यात स्वस्त. मला दोन्ही चूक वाटतं. ही कमी पैशात जगणाऱ्यांची कला आहे. तिला थोडं सामान लागतं, पण ते नेमकं असावं लागतं.

चकरीशिवाय मासे धरणं जगाला नवं नाही. १६५३ साली आयझॅक वॉल्टनचा प्रसिद्ध ग्रंथ आला तेव्हा इंग्लंडातही बहुतेक लोक काठीच्या शेंड्याला केसांचा दोर बांधूनच मासे धरत. इटलीतल्या वालसेझियाच्या खोऱ्यात तशी पद्धत अजून टिकून आहे. आपल्याकडे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास'मध्ये मत्स्यविनोद नावाचा भाग आहे आणि त्यात गळाच्या मासेमारीची तपशीलवार माहिती येते. खाद्यपदार्थांसाठी हा ग्रंथ आपण पुष्कळ चाळला, पण मत्स्यविनोदाकडे मराठीत कुणी सावकाश पाहावं असं फार वाटतं.

काठी निवडण्याआधी ती पाण्यावर काय काम करते ते समजून घ्यायला हवं. डोंगरी ओढ्यात पाणी एका वेगाने वाहत नाही. खडकामागे हातभर संथ पाणी, त्याला लागूनच जोराचा लोंढा, पुढे पुन्हा छोटा डोह. मासा संथ पाण्यात उभा राहतो आणि लोंढ्यातून वाहत येणारा किडा टिपतो. आपली माशी त्या संथ जागी पडली, पण दोर मधल्या लोंढ्यावर पडला, तर लोंढा दोर ओढतो आणि दोरामागे माशीही फरफटत जाते. खरा किडा असा फरफटत नाही, आणि मासा अशा माशीकडे पाठ फिरवतो. तेनकाराचा सगळा डाव एवढ्यासाठी आहे की दोर पाण्याला लागूच द्यायचा नाही. काठी लांब असली की शेंडा लोंढ्याच्या पलीकडे नेता येतो, दोर हवेत राहतो, आणि पाण्यावर असते ती माशी आणि तिच्या मागचा वीतभर तंगूस.

पण दोर हवेत राहायचा तर तो हलका हवा. पाश्चात्त्य फ्लाय फिशिंगमध्ये फेक दोराच्या वजनावर चालते. तिथल्या अगदी सर्रास वापरल्या जाणाऱ्या पाच नंबरच्या दोराच्या पहिल्या ३० फुटांचं वजन सुमारे ९ ग्रॅम, म्हणजे मीटरला साधारण एक ग्रॅम. तेनकाराला आज चालतो तो एकसारख्या जाडीचा फ्लुओरोकार्बनचा दोर. जपानी मापाने ४ नंबरचा दोर ०.३३ मिलिमीटर जाड असतो. त्याचं वजन हिशोबाने मीटरला ०.१५ ग्रॅमच्या आसपास येतं, म्हणजे चार मीटर दोर एक ग्रॅमही भरत नाही. जड दोर शेंडा आणि पाणी यांच्यामध्ये झोळीसारखा लोंबतो आणि माशीला आपल्याकडे ओढतो. हलका दोर तितका लोंबत नाही.

स्वस्त काठी घेणारा नेमका इथे फसतो. दोर फेकायचा म्हणजे काठी मागे नेताना ती वाकली पाहिजे आणि पुढे आणताना सरळ होता होता तिने दोराला झेप दिली पाहिजे. अर्ध्या ग्रॅमच्या दोराने जी काठी वाकत नाही, तिने हा दोर फेकता येत नाही, मग तिच्यावर कितीही मोठं नाव छापलेलं असो. ऑनलाइन दुकानांत काही शे रुपयांना मिळणाऱ्या लांब टेलिस्कोपिक काठ्या दिसायला तेनकारासारख्याच असतात. त्याही पेरात पेर घालून मिटतात आणि त्यांनाही कड्या नसतात. पण त्यातल्या पुष्कळशा तळ्यातले जड मासे पाण्याबाहेर उचलण्यासाठी ताठ बनवलेल्या असतात. त्यांना आमिष आणि शिसं चालतं, माशी चालत नाही. विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा: ही काठी साडेतीन किंवा चार नंबरचा दोर फेकते का? उत्तर फक्त किती किलोचा मासा उचलते एवढंच मिळालं, तर पुढे जावं.

काठीचा ताठपणा मोजायची एक सुंदर युक्ती अमेरिकेत निघाली. विल्यम हॅनेमन यांनी ती फ्लाय काठ्यांसाठी मांडली आणि नंतर तेनकाराच्या लोकांनी ती उचलली. काठी आडवी धरून शेंड्याला छोटी पिशवी लटकवायची आणि शेंडा काठीच्या लांबीच्या एक तृतीयांश इतका खाली येईपर्यंत तिच्यात एक-एक सेंटची नाणी टाकत जायची. जितकी जास्त नाणी, तितकी काठी ताठ. हल्लीचं एक सेंटचं नाणं अडीच ग्रॅमचं असतं, त्यामुळे वीस नाणी म्हणजे ५० ग्रॅम. कारखाने आपल्या काठ्यांवर मऊ, मध्यम, जलद असे शब्द छापतात आणि एकाचं मध्यम दुसऱ्याच्या ताठला भिडतं, तेव्हा नाण्यांचा हा आकडा फार उपयोगी पडतो. घरी दोन काठ्या तोलायच्या असतील तर एकच पिशवी आणि तीच रुपयाची नाणी दोन्हींना लावून पाहावी.

जपानी काठ्यांवर ५:५, ६:४, ७:३ असे आकडे असतात. ७:३ म्हणजे खालचा सात भागांचा तुकडा त्या मानाने ताठ आणि वरचे तीन भाग वाकणारे. ५:५ची काठी अर्ध्यातून वाकते. हे गुणोत्तर वाक कुठून सुरू होतो ते सांगतं, काठी किती मऊ आहे ते सांगत नाही. ७:३ची एखादी काठी ५:५पेक्षा मऊ असू शकते, म्हणून हे गुणोत्तर आणि नाण्यांचा आकडा एकत्र वाचायला हवेत. नवशिक्याने ६:४ घ्यावी असं माझं मत आहे. ५:५ची काठी हलका दोर सहज फेकते, पण ती सावकाश सरळ होते आणि घाईच्या हाताला ते झेपत नाही. फार ताठ ७:३च्या काठीला दोराचा भार जाणवायला वेळ लागतो आणि नवा माणूस भलता जोर लावू लागतो. तेनकारात जोराचं काम नाही, मनगट आणि कोपरापासून पुढचा हात पुरतो.

लांबीबद्दल मी ठाम आहे. पहिली काठी ३.६ मीटरची. जुन्या जपानी मापाने ही बारा शाकू होते आणि आपल्या बारा फुटांच्याही जवळपास येते. त्याहून आखूड, ३ मीटरच्या आसपासची काठी झाडीने झाकलेल्या चिंचोळ्या ओढ्यात कामाला येते, पण तिने लोंढ्यापलीकडे शेंडा नेता येत नाही आणि मग पद्धतीचा मुख्य फायदाच हातून जातो. ४ मीटर आणि त्यापुढची काठी मोठ्या नदीसाठी छान, पण तिचा तोल शेंड्याकडे झुकतो आणि तासाभरात मनगट बोलू लागतं. एकच काठी दोन-तीन लांबींवर अडकवता येईल अशा झूम काठ्याही मिळतात. त्या मोहात पाडतात, पण त्या सहसा जड आणि महाग असतात. पहिल्या काठीत त्यांची गरज नाही.

वजनाचा आकडा पाहताना थोडं सावध राहावं. ३.६ मीटरच्या बहुतेक काठ्या ६० ते ९० ग्रॅमच्या आत बसतात. पण हाताला जाणवतो तो शेंड्याकडचा भार, एकूण ग्रॅम नव्हे. ८० ग्रॅमची तोलदार काठी ६५ ग्रॅमच्या शेंडाजड काठीपेक्षा हलकी वाटते. दुकानात मिळाली तर काठी पूर्ण उघडून मुठीत धरावी, हलकासा झटका द्यावा आणि शेंड्याची थरथर थांबायला किती वेळ लागतो ते पाहावं. चांगला शेंडा लवकर स्थिरावतो. उशिरा थांबणारा शेंडा दोरात लाटा पाठवतो आणि माशी ठरवलेल्या जागी पडत नाही.

आता पैशाकडे येऊ. अमेरिकेत सुरुवातीची बरी काठी शंभर डॉलरच्या आत मिळते. निस्सिन, दाइवा, शिमानो यांसारख्या जपानी कंपन्यांच्या वरच्या काठ्यांना त्याच्या दुप्पट-तिप्पट द्यावे लागतात. भारतात मागवायची तर टपाल आणि सीमाशुल्क धरूनच हिशोब करावा, कारण स्वस्त काठीवर हा खर्च अंगावर येतो. महाग काठीत पेरांची भिंत पातळ असते, सांधे तंतोतंत बसतात, तोल सुरेख असतो. हे गुण खरे आहेत, पण ते ओळखायला हाताला काही हंगाम लागतात. बजेट कमी असताना मी तोलावर थोडं पाणी सोडेन, पण एका गोष्टीवर नाही: सुटी पेरं मिळतात का? काठीचा शेंडा आणि त्याखालचं पेर काडीइतकं बारीक असतं आणि कधी ना कधी मोडतंच. जी कंपनी ती पेरं वेगळी विकते तिची काठी दहा वर्षं टिकते. जी विकत नाही, तिची काठी पहिल्या अपघातात संपते, मग ती कितीही स्वस्त मिळालेली असो.

काठी घेऊन उरलेल्या पैशात बाकीचं सगळं बसतं, आणि इथे तेनकारासारखी दुसरी हौस शोधून सापडणार नाही. ४ नंबरच्या फ्लुओरोकार्बनच्या एका रिळातून कितीतरी दोर कापता येतात. नवशिक्याने दोर काठीच्याच लांबीचा ठेवावा. चकरी नसल्यामुळे मासा लागल्यावर काठी मागे झुकवून हाताने दोर पकडावा लागतो, आणि दोर फार लांब असला की मासा पायाशी असूनही हाती येत नाही. दोराच्या टोकाला मीटरभर बारीक तंगूस, ५एक्स म्हणजे ०.१५ मिलिमीटरचा. त्याहून जाड लावू नये. मोठा मासा लागला किंवा गळ मुळात अडकला तर आधी हा तंगूस तुटावा आणि काठी वाचावी. माश्यांच्या डब्याची तर गरजच नाही. इशिगाकी एकाच प्रकारच्या केबारीवर मासे धरतात म्हणून ओळखले जातात. एक गळ, काळा दोरा आणि कोंबड्याचं पीस एवढ्यात ती होते.

मोडण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण काठ्या माशामुळे फार कमी मोडतात. त्या उघडताना आणि मिटताना मोडतात. शेंड्याला लिलियन नावाचा लाल विणलेला दोरा असतो, त्यात दोर अडकवायचा. काठी तोवर मिटलेलीच ठेवावी आणि फक्त लिलियन बाहेर असू द्यावा. मग शेंड्याकडून एकेक पेर सरळ रेषेत ओढावं, वाकडं करू नये. मिटताना उलट, मुठीजवळच्या जाड पेरापासून सुरुवात आणि शेंडा सगळ्यात शेवटी. माशी झाडात अडकली तर काठीने झटके देऊ नयेत. काठी मिटून दोर हातात घ्यावा आणि सरळ ओढावा. घरी आल्यावर बुडाचं झाकण काढून पेरं सुटी करावीत आणि सावलीत वाळवावीत, नाहीतर आतल्या ओलीने सांधे घट्ट बसतात. आणखी एक गोष्ट, जी दुकानदार सहसा सांगत नाहीत: कार्बन फायबरमधून वीज वाहते. विजेच्या तारांखाली ही काठी उघडू नये, आणि ढग गडगडू लागले की मिटून ठेवावी.

महाराष्ट्रात ट्राउट नाहीत. आपल्या नद्यांतल्या महसीरला किंवा मरळीला ही काठी लावणं म्हणजे काठीची हत्या आहे. ओढ्यातल्या बोटभर, किडे टिपणाऱ्या माशांवर हात बसवता येतो, पण पहिल्या पावसात वलगणीला चढणारे मासे अंडी घालायला निघालेले असतात, त्यांना सोडून द्यावं. खरं पाणी हिमालयात आहे. ब्रिटिशांनी तिथे ट्राउट आणले आणि काश्मीर, हिमाचलच्या थंड नद्यांत ते रुजले. कुलूच्या ट्रेकला जाणाऱ्या मराठी भटक्यांना तीर्थनचं खोरं दूर नाही आणि तिथे ब्राउन ट्राउट आहेत. मत्स्य विभागाचा परवाना घ्यावा लागतो आणि हिवाळ्यात विणीच्या काळात बंदी असते. मिटलेली काठी साधारण दोन फुटांच्या आत बसते, त्यामुळे ती पाठपिशवीच्या कडेला जाते. पुढे या नदीसाठी ३.९ मीटरची दुसरी काठी घ्यावीशी वाटेल. ती घेण्याआधी पहिलीसाठी जादा शेंडा मागवून ठेवावा, कारण तीर्थनच्या काठावर तो मिळणार नाही.