छायाचित्राचें मोल आणि त्याचा परवाना

आमच्या शाळेंत दरवर्षीं वार्षिक परीक्षेच्या आधीं दहावीच्या वर्गाचें छायाचित्र काढण्याचा समारंभ होत असे. बांकें पटांगणांत मांडावयाचीं, उंच मुलें मागें, ठेंगणीं पुढें, मध्यें मुख्याध्यापक आणि त्यांच्या दोहों बाजूंस आम्ही शिक्षक. तालुक्याच्या गांवाहून छायाचित्रकार येई, तिपाईवर कॅमेरा चढवी आणि "हालूं नका" म्हणून ओरडे. आठ-पंधरा दिवसांनीं प्रती येत. ज्याला प्रत हवी त्यानें पैसे द्यावे. दहा वर्षांनीं एखादा विद्यार्थी नोकरीच्या गांवाहून आला आणि त्याला प्रत हवीशी वाटली, तर त्याला पुनः त्याच दुकानाची पायरी चढावी लागे. कारण निगेटिव्ह त्या दुकानदाराच्या पेटींत. जुन्या छायाचित्र-व्यवसायाचें सारें अर्थशास्त्र ह्या एका पेटींत सांठवलेलें होतें, हें तेव्हां आमच्यापैकीं कोणाच्याच ध्यानांत आलें नाहीं.

गिऱ्हाईक कागद विकत घेत असे. चित्र छायाचित्रकारापाशींच राही. आमचा बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत मोडत होता. त्या दरबारचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ ह्यांचें उदाहरण पहा. १९०५ मध्यें ते वारले. परंतु त्यांच्या काचेच्या निगेटिव्हपैकीं २८०० वर नग दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानें १९८९ मध्यें मिळवून जतन केले आहेत. कर्त्यामागें चौऱ्याऐंशी वर्षांनींहि ज्या वस्तूला मोल येतें, ती वस्तु कागदाची प्रत नव्हे, मूळ काच होय.

ही काचच पुढें नाहींशी झाली. १९७५ मध्यें कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन नांवाच्या एका तरुण अभियंत्यानें फिल्मवांचून चालणारा पहिला कॅमेरा जुळविला. आणि जानेवारी १९१२ नव्हे, २०१२ मध्यें, म्हणजे सदतीस वर्षांच्या आंत, त्याच कोडॅक कंपनीनें न्यायालयांत दिवाळें जाहीर केलें. (शतक चुकण्याची माझी खोड जुनी आहे, मुलें पाटीवर हटकून दाखवीत.) आज प्रत काढावयास खर्च नाहीं, वेळ नाहीं, आणि मूळ व प्रत ह्यांत भेदहि नाहीं. पेटीला कुलूप घालून काय उपयोग, जर पेटींतील वस्तु एकाच क्षणीं हजार घरीं असूं शकते? तेव्हां छायाचित्रकारानें विकावें तरी काय? उत्तर एकच उरतें : परवानगी. आणि परवानगीची किंमत ठरविणें हें कागदाची किंमत ठरविण्याहून पुष्कळच अवघड काम आहे.

माझा एक जुना विद्यार्थी अंबाजोगाईस छायाचित्रांचें दुकान चालवितो. दोन वर्षांपूर्वीं श्रावणांत तो बीडला येऊन तीन दिवस पहांटे उठून कंकालेश्वराच्या तळ्याकांठीं बसला. तें मंदिर पाण्याच्या मधोमध आहे. तिसऱ्या दिवशीं वारा पडला आणि मंदिराचें प्रतिबिंब अखंड उमटलें, तें त्यानें टिपलें. एका दिनदर्शिका छापणाऱ्यानें फोनवरून तें चित्र मागितलें, पांचशें रुपये पाठविले, आणि ह्यानें फोनवरूनच चित्र पाठविलें. पुढल्या वर्षीं तेंच चित्र दुसऱ्या दिनदर्शिकेवर, कापडी पिशवीवर आणि एका दुकानाच्या भल्या थोरल्या फलकावर. नांव कोठेंच नाहीं. "गुरुजी, मीं पैसे घेतले आहेत, आतां मला बोलतां येतें का?" असें विचारीत तो माझ्या घरीं आला.

मी कांहीं वकील नव्हे. परंतु १९५७ चा स्वामित्वहक्काचा कायदा वाचावयास फार कठीण नाहीं, आणि त्या दिवशीं आम्हीं दोघांनीं तो वाचला. छायाचित्र जो काढतो तो त्याचा कर्ता. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, आपल्या मनानें काढलें, तर मालकहि तोच. मात्र कोणीं मोबदला देऊन काढवून घेतलें असेल आणि उलट करार झाला नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. ही गोष्ट घरोघर ठाऊक असावयास हवी. आपल्या मुलीच्या लग्नाचीं छायाचित्रें आपण पैसे देऊन काढविलीं, तर वेगळा करार नसल्यास त्यांचा स्वामित्वहक्क आपला. छायाचित्रकारानें तीं आपल्या दुकानाच्या कांचेंत किंवा जाहिरातींत लावावयाचीं तर आपणांस विचारलें पाहिजे. उलट आपण न विचारतां सही केलेल्या छापील करारांत हा हक्क त्याला दिलेला असतो, हेंहि अनेकांस मागाहून कळतें. आमच्या शाळेच्या त्या वर्गचित्राचा हक्कहि ह्या हिशेबानें शाळेचा. पेटी तेवढी दुकानदाराची!

माझ्या विद्यार्थ्याचें चित्र पहिल्या प्रकारांतलें. हक्क त्याचा. मग पांचशें रुपयांत गेलें काय? कायदा म्हणतो कीं हक्क दुसऱ्याच्या नांवें करून द्यावयाचा तर तो लेखी व सहीनिशीं द्यावा लागतो. नुसता वापरण्याचा परवाना द्यावयाचा तरी तो लेखी असावा. लेखांत मुदत लिहिली नसेल तर ती पांच वर्षें समजावी, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा भेद सांगावा लागत नाहीं. शेत खरेदीखतानें देणें निराळें आणि एका हंगामापुरतें बटईनें देणें निराळें. बटईदारानें पुढल्या वर्षीं त्याच शेतांत घर बांधलें तर कोण गप्प बसेल? छायाचित्रकार मात्र गप्प बसतो, कारण त्याचें शेत डोळ्यांना दिसत नाहीं.

कर्त्याचें नांव हा आणखी एक हक्क आहे, आणि तो मालकी विकल्यावरहि कर्त्याकडेच राहतो. नांव हें लहान प्रकरण समजूं नये. भारतांतील पहिल्या महिला वृत्त-छायाचित्रकार होमाई व्यारावाला ह्यांचीं आरंभींचीं चित्रें मुंबईच्या नियतकालिकांत त्यांच्या पतीच्या नांवावर छापलीं जात.

आतां किंमत. माझ्या विद्यार्थ्याची पहिली चूक ही कीं त्यानें विचारलें, "ह्या चित्राचे किती घ्यावे?" चित्राची अशी किंमत नसते, उपयोगाची असते. तेंच चित्र शाळेच्या वार्षिकांकांत पावटक्याएवढें छापलें तर एक भाव, आणि पुण्यामुंबईच्या रस्त्यांवर फलकावर चढलें तर दुसरा. किती प्रती, किती दिवस, कोठवर, कोणत्या आकारांत, आणि ह्या काळांत दुसऱ्या कोणास तें द्यावयाचें कीं नाहीं, एवढे प्रश्न आधीं विचारावे. शेवटचा प्रश्न सर्वांत महाग. कारण दुसऱ्याला न देण्याचें वचन म्हणजे स्वतःची पेटी स्वतःच बंद करणें. ह्याशिवाय तीन पहांटांची मेहनत आणि एस्. टी. चें भाडें आहेच, पण तें किमतीचा तळ दाखवितें, माथा नव्हे.

जगांत हा व्यवहार ज्या मोठ्या भांडारांनीं चालविला, त्यांनीं प्रथम ह्याच रीतीनें, उपयोगागणिक, भाव लाविला. पुढें दुसरी रीत आली : एकदां पैसे भरा आणि ठरीव मर्यादेंत हवें तितक्या वेळां वापरा. २००० मध्यें निघालेल्या आयस्टॉकनें हीं चित्रें अगदीं चिल्लरीच्या भावानें विकावयास काढलीं, आणि २००६ मध्यें गेटी नांवाच्या बड्या भांडारानें तें दुकानच पांच कोटि डॉलर देऊन विकत घेतलें. हौशी माणसाला चार पैसे मिळूं लागले हें खरें; पण ज्याचें पोट त्यावर, त्याचा भाव कोसळला. त्यानंतर आतां यंत्रेंच चित्रें रचूं लागलीं आहेत, आणि तीं शिकवितांना आपलीं चित्रें न विचारतां वापरलीं म्हणून त्याच गेटीनें २०२३ मध्यें लंडनच्या न्यायालयांत दावा लाविला. लहानांना गिळणाऱ्या मोठ्यालाहि परवान्याची आठवण झाली, हें पाहून मला थोडें हसूं आलें.

ह्या सगळ्यांत एका माणसाचा विचार राहून जातो, तो म्हणजे चित्रांतला माणूस. दसऱ्यानंतर आमच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला बिऱ्हाडें निघतात. डोक्यावर मोळी घेतलेल्या बाईचें चित्र वर्तमानपत्रांत येतें. तें यावें, त्याशिवाय शहरांतल्या घरीं तिचे हाल कळणार कसे? परंतु तेंच चित्र उद्यां एखाद्या साखरेच्या किंवा तेलाच्या जाहिरातींत आलें तर? स्वामित्वहक्काच्या कायद्यानें त्या बाईला कांहींच मिळत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें मात्र १९९४ मध्यें राजगोपाल खटल्यांत सांगितलें कीं एखाद्याचें नांव किंवा चेहरा त्याच्या संमतीवांचून जाहिरातीस वापरणें हा त्याच्या खासगीपणाचा भंग होय. आणि २०१७ मध्यें नऊ न्यायमूर्तींनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. म्हणून मी विद्यार्थ्याला म्हणालों, "अरे, तूं आपल्या परवान्यासाठीं भांडतोस, तसा तिचाहि कागद करीत जा. आणि तिला तो वाचून दाखव." मोठीं भांडारें जाहिरातीच्या चित्रासाठीं असा संमतिलेख मागतातच. तो थोडा वेळ खालीं पाहत राहिला. बहुधा कांहीं जुनीं चित्रें आठवलीं असावीं.

दिनदर्शिकावाल्याला आम्हीं पत्र लिहिलें. पांचशें रुपये एका वर्षाच्या एका दिनदर्शिकेपुरते होते, पिशव्या व फलक ह्यांची किंमत निराळी, आणि नांव छापावें, एवढाच मजकूर. खालीं एक ओळ अशी कीं हा दावा छायाचित्रकार राहतो त्या जिल्ह्याच्या न्यायालयांतहि लावतां येतो. ती ओळ कायद्यांत आहे, आणि ती बहुधा उपयोगी पडली. उत्तरादाखल प्रथम "आणखी पांचशें घ्या" असें आलें. दुसऱ्या पत्रानंतर पिशव्यांचा हिशेब आला. फलक उतरविला गेला. त्याचे पैसे अजून यावयाचे आहेत.

मागल्या महिन्यांत आमच्या शाळेला सभागृहांत लावण्यासाठीं तेंच चित्र हवें होतें, म्हणून मध्यस्थ म्हणून मी गेलों. त्यानें पैसे घेतले नाहींत. मोठी प्रत चौकटींत बसवून दिली, आणि बरोबर एक कागद पुढें केला : शाळेच्या सभागृहाच्या भिंतीपुरतें, छापण्यास नव्हे, खालीं नांव असावें. घेणाराची सही मलाच करावी लागली.