गाडीचं ‘खालचं काम’

आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला, लोणी-धामणीच्या पट्ट्यात पिकअपला सुट्टी अशी नसतेच. कधी मंचरला कांदा, कधी नारायणगावला टोमॅटो, अधल्यामधल्या दिवसांत चारा, खत, मांडवाचं सामान. जाताना पाटे सपाट होईपर्यंत माल आणि येताना गाडी रिकामी. डांबरी सोडून गाडी शिवाराच्या वाटेला लागली की मागून ‘कुई-कुई’ आणि पुढून ‘खट-खट’ सुरू होते. गॅरेजवाला वाकून न पाहताच सांगून टाकतो, ‘‘खालचं काम निघालंय.’’

या दोन शब्दांत पाटे, शॉकअप, बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड, आर्म असं सगळंच येतं. त्यातलं नेमकं काय गेलंय, हे मात्र त्यात येत नाही. मग एक तर सगळंच बदललं जातं आणि बिल फुगतं. नाहीतर पाट्यांवर जळकं ऑइल ओतून वेळ मारून नेली जाते. दोन्ही वेळा आवाज कुठून येतो हा प्रश्न तसाच राहतो.

त्याचं उत्तर बऱ्याचदा आवाज कधी येतो यात असतं. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर ‘टण्ण’ वाजलं, तर पुढच्या स्ट्रटच्या (स्प्रिंग-शॉकअपच्या खांबाच्या) वरच्या माउंटवर किंवा त्यातल्या बेअरिंगवर संशय घ्यावा. बारीक खड्ड्यांवरून हळू जाताना ‘खट-खट’ झाली, तर लिंक रॉड किंवा बॉल जॉइंट. ब्रेक मारताना किंवा गाडी उचलताना एकच ‘धप’ झाली, तर आर्मचा बुश. आणि गाडी वर-खाली हलताना कुरकुर येत असेल, तर पाटे किंवा रबर. रबर ओळखायला साधी युक्ती आहे. एकानं बंपर दाबत राहायचं, दुसऱ्यानं एकेका बुशवर पाणी मारायचं. ज्या बुशवर पाणी पडताच कुरकुर थांबते, तोच कोरडा पडलाय. पाणी हा इलाज नव्हे, ही फक्त ओळखपरेड.

पिकअपच्या मागच्या बाजूला आजही पाटेच असतात. ओबादाया एलियट या इंग्रज कारागिरानं 1804 साली घोडागाडीसाठी पाट्यांच्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं. तीच कल्पना ट्रकपासून छोट्या टेम्पोपर्यंत टिकून आहे. कमी-जास्त लांबीचे पाटे एकावर एक रचून मधोमध सेंटर बोल्टनं बांधतात आणि यू-बोल्टनं अॅक्सलला आवळतात. वजन पडलं की कमान सपाट होते आणि प्रत्येक पाटा शेजारच्या पाट्यावर थोडा सरकतो. या घासण्यामुळेच गाडीची उसळी काही प्रमाणात आटोक्यात राहते, आणि आवाजही तिथूनच येतो. पाट्याचं टोक वरच्या पाट्याला दाबत दाबत तिथे खाच पाडतं. त्या खाचेत उन्हाळ्याची धूळ आणि पावसाळ्याचं पाणी बसलं की गंज धरतो आणि करकर सुरू होते.

जळकं ऑइल ओतल्यावर ही करकर दोन-चार दिवस थांबते. पण ऑइलवर धूळ चिकटून पॉलिश पेपरसारखा लेप तयार होतो आणि झीज उलट वाढते. शिवाय ऑइल ओघळून रबरी बुशवर गेलं, की ते रबर फुगून मऊ पडतं. रीतसर काम म्हणजे पाटे उतरवून सुटे करणं, तारेच्या ब्रशनं गंज काढणं, चीर गेलेला किंवा खोल खाच पडलेला पाटा बदलणं. टोकांशी प्लॅस्टिकचे पॅड असतील तर ते नवे घालणं. नसतील तर ग्राफाइट ग्रीस लावून जुळणी करणं. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग मारणं हा तर शुद्ध धोका. स्प्रिंगच्या पोलादाला लवचीकपणा येतो तो तापवून, विझवून दिलेल्या पाण्यामुळे. वेल्डिंगच्या आचेनं तो नेमक्या त्याच जागी जातो.

कारची गोष्ट वेगळी. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी इंजिनिअरनं 1940 च्या दशकात कॉइल स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात बसवण्याची रचना केली. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांवर हीच रचना असते. इथे स्प्रिंगचा खालचा वेढा एका वाटीत बसतो. त्या वाटीत चिखल साचतो, रंग उडतो, गंजाचा खड्डा पडतो आणि स्प्रिंग तिथेच तडकते. तुटलेला तुकडा वाटीत दडून राहिला, तर गाडी चालत राहते, फक्त मधूनच ‘टण’ वाजते. नवी स्प्रिंग बसवतानाही तिचं टोक वाटीतल्या पायरीला नीट टेकलं नाही किंवा मधलं रबर विसरलं, तर नव्या कोऱ्या पार्टातूनही आवाज येतो. ही स्प्रिंग दाबून काढायला कॉम्प्रेसर लागतो. जुगाड करताना ती सुटली, तर जीव घेऊ शकते.

स्प्रिंग आणि शॉकअप यांत घोळ नेहमीचा. वजन स्प्रिंग पेलते. तिची उसळी जिरवायचं काम शॉकअपचं. कोपरा दाबून सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी. ती डोलतच राहिली, तर शॉकअप थकलाय. बाहेरून ऑइल गळत असेल किंवा टायरवर ठरावीक अंतरानं खळगे पडले असतील, तरी निदान तेच. शॉकअप आणि स्प्रिंग एका अॅक्सलच्या दोन्ही बाजूंना जोडीनंच बदलावेत. एक नवा, एक जुना ठेवला तर गाडी वळणावर एका अंगाला झुकते.

आता रबरी बुश. नवा बुश सहा महिन्यांत फाटला, की दोष पार्टाला दिला जातो. पण कितीदा तरी चूक आवळण्यात असते. गाडी जॅकवर, चाक लोंबकळतंय आणि मिस्त्रीनं बोल्ट पक्का केला, की रबर त्या अवस्थेत जखडलं जातं. गाडी खाली उतरल्यावर आर्म वर येतो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं. म्हणून बोल्ट आधी हातानं लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, एकदोनदा हलवायची आणि मगच आवळायचे. या रबराला साधं ग्रीस चालत नाही. जुन्या जीपच्या आणि ट्रकच्या शॅकल पिनला मात्र निप्पल असतात. तिथे कडेनं ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारायची.

या सगळ्या पार्टांची परीक्षा गावोगावचे गतिरोधक घेतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा, गाडी त्यावरून ताशी 25 किलोमीटरनं जाऊ शकावी, असं दिलंय. रात्रीत घातलेला हातभर रुंदीचा उंचवटा यात कुठेच बसत नाही. भरल्या गाडीचा पाटा आदळतो तो तिथेच.

पाटे सारखे तुटायला लागले, की मालक म्हणतो, ‘‘एक पाटा जादा घाला.’’ कमान ताठ होते, माल जास्त बसतो. पण चॅसिस, अॅक्सल, टायर आणि ब्रेक पूर्वीचेच राहतात. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर अॅक्सल आणि चॅसिसमधल्या अंतरावरून ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. पाट्यांमुळे मागची बाजू उचलली, तर भरलेली गाडीही त्याला हलकी भासते आणि मागचा ब्रेक कमी लागतो.

काम झाल्यावर अलाइनमेंट हवंच. आर्म, बॉल जॉइंट किंवा टाय रॉड बदलल्यावर ते टाळलं, तर पुढचे टायर एका कडेनं खाल्ले जातात. पाटे उतरवले असतील तर यू-बोल्ट नवेच घालावेत, कारण एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तेवढा धरत नाही. पहिल्या काही फेऱ्यांत पाटे एकमेकांवर बसतात आणि यू-बोल्ट सैल पडतात. सैल यू-बोल्टनं सेंटर बोल्ट तुटला तर अॅक्सल सरकतो आणि गाडी तिरकी धावू लागते. तेव्हा मंचरच्या एक-दोन भरल्या खेपा झाल्या, की गाडी पुन्हा गॅरेजवर न्यावी आणि यू-बोल्टचे सगळे नट पान्यानं तपासून घ्यावेत.