जुन्या रायफलीचा जीर्णोद्धार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जर्मन सैन्यानं 1898 मध्ये पॉल माउझरची बोल्ट-ॲक्शन रायफल स्वीकारली आणि पुढच्या काही दशकांत शिकारीच्या रायफलींनी हाच आराखडा उचलला. लंडनच्या रिग्बी कंपनीनं ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यातून यंत्रणा मागवून त्यावर आपल्या रायफली बांधल्या. अमेरिकेत विन्चेस्टरनं 1936 मध्ये आणलेल्या मॉडेल 70 वरही माउझरचा ठसा स्पष्ट दिसतो. या पिढीतल्या रायफली युरोप-अमेरिकेत आजही वापरात आहेत. आपल्याकडे जुन्या संस्थानी आणि जहागीरदार घराण्यांत त्या वारशानं आल्या आहेत.

अशी रायफल हाती आली की ती नवी करून घ्यायची हौस प्रत्येकाला होते. पण जीर्णोद्धारात तपासणी आधी येते, मग जपणूक, आणि नटवणं सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा झाल्यामुळे असंख्य चांगल्या रायफली कायमच्या बिघडल्या आहेत, काहींनी तर वापरणाऱ्यालाच इजा केली आहे. या चुकांमागचे नेहमीचे गैरसमज एकेक करून पाहू.

गैरसमज 1 : रायफल नव्यासारखी चकाकली की तिची किंमत वाढते.

वस्तुस्थिती : संग्राहकांच्या बाजारात बहुधा याच्या उलट घडतं. विन्चेस्टरनं 1964 मध्ये उत्पादनखर्च कमी करण्यासाठी मॉडेल 70 च्या रचनेत मोठे बदल केले. म्हणून त्याआधीच्या रायफलींना आज वेगळा भाव आहे. पण हा भाव मूळ अवस्थेला मिळतो. घासूनपुसून पुन्हा काळी केलेली, कडा गोलावलेली, शिक्के पुसट झालेली रायफल त्याच वर्षीच्या झिजलेल्या पण अस्सल रायफलीपेक्षा स्वस्तात जाते.

जिम कॉर्बेटची रायफल आठवा. चंपावतची नरभक्षक वाघीण 1907 मध्ये मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी त्याला .275 बोअरची रिग्बी भेट दिली. दस्त्यावर तसा उल्लेख असलेली चांदीची पट्टी बसवली होती. ही रायफल 2015 मध्ये पुन्हा रिग्बी कंपनीकडे आली. तिचं सारं मोल त्या पट्टीत आणि वापराच्या खुणांत आहे. पॉलिशच्या चाकावर धरली असती तर हा इतिहास तासाभरात उडून गेला असता.

मात्र एखाद्या लष्करी माउझरचं कुणी पूर्वीच शिकारी रायफलीत रूपांतर केलं असेल, नळी बदलली असेल, शिक्के गेले असतील, तर मूळपण आधीच संपलेलं असतं. तिथं नवं फिनिश, नवा दस्ता करायला हरकत नाही. म्हणून हातात काय आहे हे ठरवल्याशिवाय सॅण्डपेपरला हात लावू नये.

गैरसमज 2 : दस्ता खराब दिसतोय, तर घासून वॉर्निश मारावं.

वस्तुस्थिती : जुन्या रायफलींचे दस्ते बहुतेक अक्रोडाच्या लाकडाचे असतात. कारागिरानं लाकूड आणि लोखंड एका पातळीत, किंवा लाकूड केसभर वर ठेवलेलं असतं. प्रत्येक घासणीत लाकूड खाली जातं आणि लोखंडाची कड उघडी पडते. मुठीवरची चौकडीची नक्षीही बोथट होते. गेलेलं लाकूड परत येत नाही.

पोचा काढायला घासावं लागतच नाही. दबलेल्या जागी ओलं सुती फडकं ठेवून त्यावरून गरम इस्त्रीचं टोक क्षणभर टेकवलं की वाफेनं लाकडाचे दबलेले तंतू फुगतात आणि खड्डा वर येतो. एक-दोन वेळा करावं लागतं. तंतू दबलेले असतील तिथंच हा उपाय चालतो. ते कापले गेले असतील तर उपयोग होत नाही.

यंत्रणेच्या मागच्या टोकापासून दस्त्यात गेलेली चीर मात्र नुसत्या गोंदानं भरून भागत नाही. झटका झेलणारा लग लाकडात नीट टेकलेला नसला, की यंत्रणा प्रत्येक बारानिशी मागे सरकून पाचरीसारखी लाकूड फाडते. आधी ती बैठक दुरुस्त करावी लागते, नाहीतर चीर पुन्हा उघडते. वर्षानुवर्षं तेल मुरून तिथलं लाकूड मऊ पडलं असेल, तर ते तेल आधी शोषून काढावं लागतं.

फिनिशसाठी जवसाचं तेल वापरणार असाल तर हातानं पातळ थर चोळावा आणि तो पुरता सुकल्यावरच दुसरा द्यावा. एकच जाड थर चिकट राहतो. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि अशी फडकी आपोआप पेटतात. ती पसरून वाळवावीत.

गैरसमज 3 : ब्लूइंग हा रंग आहे, तो कुणीही कसाही देऊ शकतो.

वस्तुस्थिती : ब्लूइंग म्हणजे ताब्यात ठेवलेला गंज. जुन्या पद्धतीत पोलादावर आम्लयुक्त द्रावण लावून ते दमट जागी ठेवतात. तांबूस गंजाची साय धरते. मग नळी उकळत्या पाण्यात टाकली की तांबूस ऑक्साइडचं काळ्या मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर होतं. वरची सैल काजळी मऊ तारेच्या ब्रशनं काढायची आणि पुन्हा द्रावण लावायचं. असे अनेक फेरे झाल्यावर तो खोल, मखमली काळेपणा येतो.

आताची झटपट पद्धत कॉस्टिक क्षारांच्या सुमारे 140 अंश सेल्सिअस तापलेल्या द्रावणाची आहे. ही पद्धत वाईट नाही, पण जुन्या रायफलींवर माशीचा चौथरा किंवा पट्ट्याची कडी पुष्कळदा मऊ डाखानं बसवलेली असते. गरम कॉस्टिक हा डाख खाऊन टाकतं आणि सुटे भाग टाकीच्या तळाशी सापडतात. डाख कुठं आहे हे पाहूनच पद्धत निवडावी. शिवाय ब्लूइंगनं गंज थांबत नाही. त्यावर तेलाचा पुसट हात कायम हवा.

गैरसमज 4 : जुनं पोलाद आजच्यापेक्षा दणकट असायचं.

वस्तुस्थिती : याचं सगळ्यात बोलकं उत्तर अमेरिकेच्या 1903 सालच्या स्प्रिंगफील्ड रायफलीनं दिलं आहे. तिच्या सुरुवातीच्या रिसीव्हरना (बोल्ट ज्यात बसतो त्या पोलादी भागाला) उष्णताप्रक्रिया देताना पोलाद किती तापलं हे कारागीर त्याच्या रंगावरून नजरेनं ठरवत. काही रिसीव्हर फुटल्यावर पहिल्या महायुद्धाच्या काळात चौकशी झाली, तेव्हा ढगाळ दिवशी आणि लख्ख उन्हात नजरेच्या या अंदाजात 300 अंश फॅरनहाइटपर्यंत फरक पडतो असं आढळलं. जास्त तापलेलं पोलाद ठिसूळ झालं होतं. पुढे तापमापक यंत्रं आली आणि प्रक्रिया बदलली. म्हणून स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या 8,00,000 च्या आणि रॉक आयलंडच्या 2,85,507 च्या खालच्या क्रमांकाच्या रायफली झाडू नयेत, असाच सल्ला जाणकार देतात. बाहेरून त्या निर्दोष दिसतात.

माउझर 98 ची गोष्ट वेगळी. तिथं आतलं पोलाद चिवट आणि फक्त वरचा थर कठीण केलेला असतो. दुर्बिणीला अडथळा होतो म्हणून बोल्टची मूठ तापवून वाकवताना उष्णता बोल्ट रिसीव्हरमध्ये अडकवणाऱ्या लगांपर्यंत पोचली, किंवा बोल्ट गुळगुळीत चालावा म्हणून लग जास्त घासले, तर हा कठीण थर निघून जातो. मग मऊ पोलाद हळूहळू दबत जातं.

गैरसमज 5 : बोल्ट बंद होतो, म्हणजे रायफल झाडायला सुरक्षित आहे.

वस्तुस्थिती : बोल्ट बंद होणं ही फक्त पहिली पायरी. काडतूस चेंबरमध्ये जिथं अडतं तिथपासून बोल्टच्या तोंडापर्यंतच्या अंतराला हेडस्पेस म्हणतात. 7×57 माउझर किंवा .30-06 काडतूस खांद्यावर अडतं, .303 कडेवर. हे अंतर वाजवीपेक्षा जास्त असलं की बार होताना पितळी कवच मागे ताणलं जातं आणि बुडाच्या जरा पुढे फाटतं. .30-06 च्या चेंबरमधला कमाल दाब युरोपीय मानकानुसार 4,050 बार आहे. एवढ्या दाबाचा वायू फाटलेल्या कवचातून थेट तोंडावर येतो.

हे अंतर गेजनं मोजतात. 'गो' गेजवर बोल्ट सहज बंद व्हायला हवा, 'नो-गो' गेजवर व्हायला नको. एका रायफलीचा बोल्ट दुसरीला बसवला असेल तर ही तपासणी टाळताच येत नाही. म्हणून बोल्ट आणि रिसीव्हरवरचे क्रमांक जुळतात का हे सर्वांत आधी पाहावं. हे काम गनस्मिथचंच आहे.

गैरसमज 6 : नाव जुळलं की काडतूस चालतं.

वस्तुस्थिती : 8×57 माउझर हे एकच नाव, पण त्यात दोन मापं आहेत. आधीच्या नळ्यांसाठी 0.318 इंच व्यासाची गोळी होती. जर्मनांनी 1905 च्या सुमारास 0.323 इंचाची गोळी स्वीकारली. मोठी गोळी अरुंद नळीत दाबली गेली तर दाब धोक्याच्या पातळीवर जातो. जुन्या शिकारी रायफलींत अरुंद नळी सर्रास आढळते, म्हणून नळीचं खरं माप घ्यायलाच हवं.

7×57 बाबतही काळजी हवी. 1893 आणि 1895 च्या माउझरची यंत्रणा 98 पेक्षा नाजूक आहे. त्या अजून वापरात असल्यामुळे अमेरिकी कारखाने हे काडतूस मुद्दाम सौम्य ठेवतात. युरोपीय काडतुसं अधिक दाबाची असतात.

गैरसमज 7 : नळीला भरपूर तेल लावलं की गंजायची भीती नाही.

वस्तुस्थिती : जुन्या, विशेषतः लष्करी काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरतं. हा मिठाच्या जातीचा क्षार हवेतलं पाणी ओढतो आणि नळीला खड्डे पाडतो. तेलात क्षार विरघळत नाही, तो पाण्यात विरघळतो. अशी काडतुसं वापरली असतील तर आधी गरम पाण्यानं नळी धुवायची, पुरती कोरडी करायची आणि मग तेल लावायचं. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत यात एका रात्रीचाही आळस परवडत नाही.

दुसरीकडे, आतून काळवंडलेली प्रत्येक नळी टाकाऊ नसते. पुष्कळदा तो जुना तांब्याचा आणि दारूचा थर असतो. नीट साफ केल्यावर खाली धडधाकट पीळ निघतो. बारीक खड्डे असूनही नेम चांगला लागणाऱ्या नळ्या आहेत. नळी बदलायचा निर्णय सफाईनंतर आणि लक्ष्यावर झाडून पाहिल्यावर घ्यावा.

गैरसमज 8 : दुर्बीण बसवल्याशिवाय आणि नळी लाकडापासून मोकळी केल्याशिवाय नेम सुधारत नाही.

वस्तुस्थिती : दुर्बिणीसाठी रिसीव्हरला भोकं पाडली की मूळपण कायमचं गेलं. पूर्वी सैन्याची असलेली रायफल मूळ रूपात असेल तर हे करूच नये. शिकारी रायफलीवर पूर्वीचीच भोकं असतील तर त्यांत बसणारं माउंट शोधावं. जर्मनी-ऑस्ट्रियातल्या जुन्या रायफलींवर नखीच्या पकडीचं माउंट असतं. त्यात दुर्बीण काढता येते आणि खाली मूळ माशी शाबूत राहते. मागच्या बाजूला छिद्रातून नेम धरायचं साधन बसवणं हा त्याहून हलका पर्याय आहे.

नळी मोकळी सोडण्याचा नियमही सरसकट लागू होत नाही. ली-एनफील्ड रायफलीची पातळ नळी पुढच्या टोकाला लाकडाच्या ठरावीक दाबावर टेकलेली असते आणि तिचा नेम त्यावर अवलंबून असतो. ते लाकूड कोरून काढलं की गोळ्या विखुरतात.

गैरसमज 9 : शंभर वर्षांची रायफल ही पुराणवस्तू, तिला परवाना लागत नाही.

वस्तुस्थिती : हा समज माणसाला तुरुंगात नेऊ शकतो. अमेरिकेच्या संघीय कायद्यात 1898 पर्यंत बनलेलं शस्त्र पुराणवस्तू धरलं जातं, म्हणून ही कल्पना पसरली. भारतात वय पुरेसं नाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 45 ची सूट मिळायची तर कालबाह्य, पुरातन किंवा मोडकं शस्त्र दुरुस्त करूनही झाडता येणार नाही, अशा अवस्थेत असावं लागतं. जीर्णोद्धार करण्याजोग्या रायफलीला ही सूट नाही.

.303 बोअरच्या बोल्ट-ॲक्शन रायफली तर भारतात प्रतिबंधित वर्गात मोडतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि वारशानं मिळालेली शस्त्रंही याच मर्यादेत मोजली जातात. दुरुस्ती आणि रूपांतराचं काम परवानाधारक गनस्मिथकडूनच करून घ्यावं लागतं. जुनी रायफल आपल्याकडे शिकारीसाठीही नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मध्ये आला आणि 1991 च्या दुरुस्तीनं शिकारीचे उरलेले परवानेही बंद झाले. तिची जागा आता नेमबाजीच्या मैदानावर किंवा कुलूपबंद कपाटात आहे.

माजघरात किंवा माळ्यावर आजोबांची रायफल असेल आणि परवाना त्यांच्याबरोबरच संपला असेल, तर ती लपवू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि वारस म्हणून जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांकडे अर्ज करा. परवाना हाती आल्यावर गनस्मिथकडून हेडस्पेस आणि नळी तपासून घ्या, शिक्के आणि क्रमांकांचे फोटो काढून ठेवा. मग जेवढं बिघडलं आहे तेवढंच दुरुस्त करा आणि बाकीचं आहे तसं पुढच्या पिढीकडे सोपवा.