टायटॅनियमचे काम घेण्याआधी

यवतमाळ, पुसद, दिग्रस, वणी येथे मोटार दुरुस्तीची व वेल्डिंगची अनेक दुकाने आपल्या बांधवांची आहेत. उद्या एखाद्या शौकीन गिऱ्हाइकाने गाडीला टायटॅनियमचा सायलेन्सर मागितला, तर घाईने बयाणा घेऊ नये, असे आम्ही सुचवतो.

हा धातू मजबूत, पण वजनाला स्टीलच्या निम्म्याहून थोडाच जास्त. होंडाने 1990 साली एनएसएक्स मोटारीत याचे कनेक्टिंग रॉड बसवले. ते हलके असल्याने इंजिन मिनिटाला 8 हजार फेऱ्या घेऊ शके. याची खनिज वाळू रत्नागिरीच्या व केरळच्या किनाऱ्यावर आहे, पण वाळूतून धातू काढणे फार खर्चाचे. म्हणून माल महाग, आणि महाग मालात नकल आलीच.

रेशीम खरे की खोटे, हे आम्ही कापडवाले धागा जाळून ओळखतो. येथेही पारख आहे. निळ्या-जांभळ्या रंगावर भुलू नये. तापवलेल्या स्टीललाही तो रंग चढतो. ग्राइंडरवर टायटॅनियमच्या ठिणग्या लख्ख पांढऱ्या उडतात. 450 ग्रॅमचा तुकडा भरल्या भांड्यात पूर्ण बुडवावा. टायटॅनियम असेल तर 100 मिलिलिटर पाणी सांडेल, स्टील असेल तर 60 च्या आत.

वेल्डिंग साध्या मशीनवर होत नाही. तापलेला धातू हवा शोषून ठिसूळ होतो, म्हणून जोडाला बाहेरून आणि पाईपच्या आतूनही आरगॉन गॅस लागतो. जोड चांदीसारखा चमकला तर उत्तम. राखाडी, भुकटीसारखा झाला तर कापून टाकावा. याचा बारीक कीस पेट घेतो. त्यावर पाणी मुळीच टाकू नये, कोरडी वाळू टाकावी.

कायदाही ध्यानात ठेवावा. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल चालणार नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने 2019 साली दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलास मालकाला प्रत्येकी 5 हजार रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद ठेवली आहे. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगावे.

ज्यांच्याकडे आरगॉनची टिग मशीन आहे, त्यांनी प्रथम तुकड्यांवर हात बसवावा. मजुरी सांगताना गॅस आणि वाया जाणारा पाईप हिशेबात धरावा.