परसबागेतील तण, लेखांक ४ : लव्हाळा

लव्हाळ्याची पात धरून ओढली की ती बहुधा मातीच्या जरा खाली तुटते. हातात येतो तो पांढरट देठ, आणि गाठ जमिनीतच राहते. आठवडा उलटायच्या आत त्याच जागी सुईसारखा टोकदार कोंब पुन्हा वर आलेला दिसतो. मागील लेखांकातील माठ, कुर्डू, दुधी ही तणे बी धरण्यापूर्वी उपटली की त्यांचा विषय संपतो. लव्हाळ्याचे सगळे बळ मात्र मातीखाली असते, त्यामुळे त्याचा बंदोबस्तही तिथूनच करावा लागतो.

दिसायला हे गवत वाटले तरी गवताच्या कुळातले नाही. फुलोऱ्याचा दांडा दोन बोटांत धरून फिरवला की तीन धारा स्पष्ट लागतात. गवताच्या काडीला असतात तशी पेरे त्याला नसतात. पाने गर्द हिरवी, चकचकीत आणि मधल्या शिरेवर पन्हळीसारखी खोलगट असतात. तुरा तांबूस-जांभळट असतो. शास्त्रीय नाव सायपेरस रोटुंडस. लिरॉय होम आणि सहकाऱ्यांनी १९७७ साली जगातील सर्वांत त्रासदायक तणांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात पहिला क्रमांक याच वनस्पतीला मिळाला. आयुर्वेदात मुस्ता किंवा मोथा म्हणून वापरतात त्या याच्याच गाठी, आणि दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा हाही याच कुळातला. वाफा खणताना काळपट, केसाळ गाठ नखाने फोडली की आतला पांढरा गर दिसतो आणि उटण्याच्या जवळचा उग्र-गोड वास येतो. एकदा हा वास ओळखीचा झाला की उकरताना चूक होत नाही.

या गाठी सुट्या नसतात. बारीक, चिवट दोऱ्यासारख्या खोडांनी त्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि जमिनीखाली त्यांची माळच तयार होते. बहुतेक गाठी वरच्या १५ सेंटिमीटरच्या थरात सापडतात, काही फूटभर खोलही जातात. बियांपासून लव्हाळा क्वचितच उगवतो; त्याचा प्रसार होतो तो या गाठींमुळेच. माळ अखंड असते तोवर टोकाकडची गाठ फुटते आणि मागच्या बऱ्याचशा गाठी सुप्त राहतात. कुदळीचा घाव बसून माळ तुटली की त्या सुप्त गाठीही स्वतंत्रपणे कोंब धरतात. ऐन पावसाळ्यात ओल्या वाफ्यात जोमाने कुदळ चालवल्यावर लव्हाळा पूर्वीपेक्षा दाट होतो, तो यामुळेच. मेहनत खरी असते, पण हंगाम चुकलेला असतो.

कुदळीचा हंगाम म्हणजे एप्रिल-मे. लव्हाळ्याची गाठ पाण्यात बराच काळ तग धरते, पण कोरडेपणापुढे टिकत नाही. वाफ्याचे पाणी पूर्ण तोडावे, माती फूटभर खोल खणून ढेकळे उलटी टाकावीत आणि दर चार-पाच दिवसांनी ती परतावीत, म्हणजे आतल्या गाठीही उन्हाला येतात. शेतकरी हरळीसाठी उन्हाळी नांगरट करतात ती याच तत्त्वावर. मधे एकदा जरी नळी चालू राहिली किंवा वळवाची सर आली, तरी उरलेल्या गाठी सावरतात. मग वाळवण्याच्या दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून करावी लागते. वाफा लहान असेल तर माती वाळल्यावर चाळणे उत्तम. अर्ध्या सेंटिमीटरच्या जाळीवर बहुतेक गाठी अडकतात. चाळलेल्या गाठी कंपोस्टच्या खड्ड्यात टाकणे म्हणजे पुढच्या वर्षीची लागवड करणे होय. फरशीवर कडक उन्हात त्या पार ठिसूळ होईपर्यंत वाळवाव्यात. कुंड्यांची माती गच्चीवर पातळ पसरली की काम आणखी सोपे होते.

पाऊस सुरू झाल्यावर कुदळ बाजूला ठेवून खुरपे हाती घ्यावे. नवी पात वर आल्यावर साधारण तीन आठवड्यांत जमिनीखाली नवी गाठ धरू लागते. त्याआधीच, म्हणजे दर पंधरा दिवसांनी, पात मातीलगत कापत राहिली की प्रत्येक नवा कोंब जुन्या गाठीतला साठा खर्च करतो आणि भरपाई होत नाही. पहिले दोन महिने फरक जाणवत नाही. पुढे पाती बारीक आणि विरळ येऊ लागतात. नेमका तिथेच बहुतेकांचा नेम सुटतो. एक महिना खाडा पडला की गाठींची नवी माळ तयार होते. दाट पसरलेला लव्हाळा हटायला सलग दोन पावसाळे लागतात, असे धरूनच कामाला लागावे.

सावली हा या कामातला मोठा आधार. उसाप्रमाणे लव्हाळाही भर उन्हात फोफावतो आणि छायेत रोडावतो. कापणीबरोबरच त्या वाफ्यात चवळी, रताळे किंवा लाल भोपळा लावून जमीन झाकून टाकली तर कोंबांना ऊन मिळत नाही. पातळ प्लॅस्टिक मात्र फसवे असते. लव्हाळ्याचा कोंब ते सहज भोसकून वर येतो. दोन झाडांमधल्या वाटांवर विणलेले जाड कापडच टिकते.

मीठ, व्हिनेगर, उकळते पाणी हे घरगुती उपाय फक्त पात जाळतात. मिठाने तर मातीच नासते. स्पर्शजन्य तणनाशकांची मजल पातीपलीकडे जात नाही. ग्लायफोसेट गाठीपर्यंत उतरते, पण शेजारच्या मिरचीच्या पानावर उडाले तर मिरचीही जाते. शिवाय केंद्र सरकारने २०२२ साली त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला आहे. भाजीपाल्याच्या परसबागेत त्याची गरज नाही.

हरळीला हाच क्रम लागू पडतो, फक्त तिची धावती खोडे जमिनीवरूनही पसरतात. कुंपणाकडून ती शिरत असेल तर कडेला पत्रा किंवा जुन्या फरशा वीतभर खोल उभ्या पुराव्यात.

साफ झालेल्या वाफ्यात लव्हाळा परत येतो तो बहुधा विकतच्या मातीतून, शेणखतातून किंवा रोपवाटिकेच्या पिशवीतून. नवी माती आली की त्यातली घमेलेभर एका कुंडीत भरावी, ओल ठेवावी आणि तीन आठवडे वाट पाहावी. तिथे तीनधारी कोंब दिसला, तर सगळा ढीग उन्हाळ्यात वाळवून, चाळूनच वाफ्यात घालावा.