मूर्तीच्या हातांतील गणित

विष्णुमूर्तीच्या चार हातांत शंख, चक्र, गदा व पद्म असतात. त्यांचा क्रम पालटला की मूर्तीचे नावही पालटते. मूर्तीच्या खालच्या उजव्या हातापासून प्रदक्षिणाक्रमाने पद्म, शंख, चक्र, गदा असल्यास ती केशवाची; शंख, पद्म, गदा, चक्र असल्यास नारायणाची. ४ × ३ × २ × १ या हिशेबाने अशी २४ रूपे होतात.

भोकरदन तालुक्यातील अन्वा येथील प्राचीन मंदिरावर हीच आयुधे धारण केलेल्या विष्णुशक्तींच्या मूर्ती कोरलेल्या आहेत. जुन्या जालन्याच्या शिक्षकांनी तेथे सहल न्यावी व मुलांकडून प्रत्येक मूर्तीचा आयुधक्रम वहीत लिहून घ्यावा. हात भंगला किंवा रंगाचे थर चढले, तर शिल्पकाराने दगडात लिहिलेले नावच नाहीसे होते, हे मुलांच्या मनावर बिंबवावे.